अंगठे परत द्या

डोणगावच्या बाजारपेठेत एका गाळ्यात माझं बँकेचं केंद्र आहे. लोक मला बँकवाली ताई म्हणतात, पण मी बँकेत नोकरीला नाही. एका कंपनीमार्फत हे केंद्र मिळालं आहे. टेबल, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि पावती काढणारं छोटं यंत्र, एवढाच पसारा. शाखेतल्या रांगेत अर्धा दिवस मोडणं ज्यांना परवडत नाही, त्या मजुरीच्या बाया आणि पेन्शनवाले म्हातारे माझ्याकडे येतात. मशीनवर अंगठा ठेवतात, मी पैसे देते, पावती देते. पावतीच्या तळाशी छापून येतं, ‘व्यवहार यशस्वी’. ज्यांना वाचता येत नाही तेही त्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, "झालं ना ताई?" मी म्हणते, "झालं." मग ती पावती चार घड्या करून कमरेच्या पिशवीत जाते.

सिस्टर म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी गाव त्यांना सिस्टरच म्हणत होतं. बुद्धविहारामागच्या गल्लीत त्या एकट्या राहत. नवरा कधीचाच वारलेला, मुलगी नांदुऱ्याला शिक्षिका. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्या हातची. दुसऱ्या वेळी रक्त थांबत नव्हतं, तेव्हा त्या माझ्या पोटावर हात दाबून तास-दीड तास उभ्या राहिल्या होत्या, हे मला सासूनं नंतर सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी एका बाळंतिणीला स्वतःच्या खर्चानं गाडी करून पुढं पाठवलं होतं, कारण दवाखान्याची गाडी महिनाभर बंद पडलेली होती. ती बाई मेहकरला पोहोचायच्या आत, वाटेतच गेली. त्याबद्दल सिस्टर कधी बोलत नसत.

थंडी सरता सरता त्या शेगावला एका सभेला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आत गाळ्यासमोर उभ्या होत्या. हातात कागदांचा गठ्ठा.

"कशाचे कागद हो सिस्टर?"

"सह्या घ्यायच्या आहेत." त्या स्टुलावर बसल्या. "तिकडे मोठे लोक फोनवर शेअर, सोनं, तेल दिवसातून कितीकदा विकून राह्यले. माल कोणी डोळ्यानं पाहत नाही, नुसते सौदे. आपण बिस्किटचा पुडा घेतला तरी कर देतो. त्याइच्यावर आहे तो नावापुरता. तो वाढवा, आन् जमा झालेला पैसा दवाखान्याले बांधून द्या. एवढंच म्हणणं आहे. शेगावले साऱ्या तालुक्यांतले लोक आले होते. आता सारे आपापल्या गावात सह्या घेतीन आणि एकाच दिवशी बुलढाण्याले कचेरीसमोर बसतीन."

कागदाच्या वर ठळक अक्षरात छापलं होतं, ‘आर्थिक व्यवहारांवर कर लावा’. खाली बारीक टायपात सगळं समजावून लिहिलेलं. मी वरची ओळ वाचली, खालचं वाचलं नाही.

"ठेवा इथंच," मी म्हटलं. "माझ्याकडे दिवसभर माणसं येतात."

"समजावून सांगून घे बरं. नुसती सही नको घेऊ."

मी हो म्हटलं. पण रांग लागलेली असताना, सर्व्हर मध्येच बंद पडत असताना, कोण कोणाला शेअर आणि सौदे समजावणार? मी म्हणायचे, "दवाखान्यासाठी अर्ज आहे, सिस्टरचा." तेवढ्यावर बाया स्टॅम्पपॅडवर अंगठा दाबून मोकळ्या व्हायच्या. "सिस्टरचा हाय ना? मंग घे." पंधरा दिवसांत गठ्ठा भरत आला. सिस्टर रोज संध्याकाळी येऊन भरलेले कागद घरी घेऊन जात. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

काहीतरी बिनसतंय हे मला पहिल्यांदा एका मावशीमुळे कळलं. ती निंदायला-कापायला जाणारी, दर आठवड्याला थोडे थोडे पैसे काढणारी. त्या दिवशी तिनं मशीनवर अंगठा ठेवला आणि उचललाच नाही.

"ताई, म्या त्या कागदावर अंगठा देला तो, आन् हा मशीनवरचा, एकच होय का?"

"अंगठा तुझाच ना मावशी. एकच राहील."

मी हसले. ती हसली नाही. पैसे घेतले, पावती घेतली, मग पदराचं टोक तोंडात ओलं करून अंगठा चोळू लागली. दारातून बाहेर पडेपर्यंत ती चोळत होती.

त्याच आठवड्यात आणखी तिघींनी वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं. एकीनं डावा अंगठा मशीनवर ठेवून पाहिला, चालतो का म्हणून. एका म्हाताऱ्यानं मी पैसे मोजत असताना माझ्या हातांकडे न पाहता एकटक तोंडाकडे पाहिलं. बाजार तोच होता, भाव विचारणारे, भांडणारे तेच. पण माझ्या गाळ्यासमोरून जाताना माणसांचं बोलणं थांबायचं आणि चार पावलं पुढं गेल्यावर पुन्हा सुरू व्हायचं.

मग माझ्या नवऱ्यानं मला मोबाइलवर फिरणारा एक निरोप ऐकवला. ते कृषी केंद्रात कामाला आहेत. जेवायला घरी आले, हात न धुताच मोबाइल माझ्यापुढं धरला. "ऐक."

पुरुषाचा आवाज होता. ओरडणं नाही, शिवी नाही. शेजारी बसून समजावतो तसा. "मायबहिणीहो, ज्याइनं त्या कागदावर अंगठा देला, त्याइनं सरकारले स्वतःच लेहून देलं, का आमच्या व्यवहारावर कर लावा. आता पैसे काढले का कटतीन. खोटं वाटत असन तर कागद पहा, वर काय लिवलं हाय. मंग आपली पावती पहा, खाली काय लिवलं हाय. दोन्हीवर व्यवहार. मी कोणाचं नाव घेत नाही. ज्यानं अंगठे घेतले, त्याले परत मागा."

मी घास ताटात ठेवला. हा माणूस माझ्या टेबलापाशी उभा राहून गेला होता. त्यानं कागदही पाहिला होता आणि पावतीही.

"किती जणांकडे गेलं असेल हे?" मी विचारलं.

"आमच्या दुकानात तीन गिऱ्हाइकायनं ऐकवलं सकाळपासून." मग त्यांनी विचारलं, "कागद कुठी आहेत?"

"सिस्टरपाशी."

"मग बरं आहे," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ते मला लागलं, कारण तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

संध्याकाळी मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी तो आवाज दोनदा ऐकला. घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक आपलीच आहे. शब्द वाईट निवडला. व्यवहार म्हटलं का गरिबाले आपलाच व्यवहार दिसते. बाजाराच्या दिवशी मी तुझ्या गाळ्यासमोर बसतो, एकेकाले नीट सांगतो." त्या वहीत काही ओळी लिहूनही घेऊ लागल्या, सोपं कसं सांगायचं म्हणून. मी त्यांना सांगितलं नाही की मी कोणालाच काही समजावलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी बायांचे दर महिन्याचे सरकारी पैसे जमा व्हायचे होते. बहुतेकींचे झाले. सात-आठ जणींचे झाले नाहीत. कारण साधं होतं. त्यांची केवायसी जुनी झाली होती, आधार पुन्हा जोडायचं राहिलं होतं. असं अधूनमधून होतंच. पण त्या सात-आठ जणींनी कागदावर अंगठे दिलेले होते. ज्यांचे पैसे आले त्यांनीही दिले होते, पण ते कोणी पाहिलं नाही. ती मावशी टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "कटले."

"कटले नाहीत मावशी, थांबले आहेत. केवायसी करावी लागंन."

"तूच म्हणतं झालं, तूच म्हणतं थांबले." ती पावती न घेता गेली.

बाजाराच्या दिवशी सकाळी दहालाच ऊन चढलं होतं. सिस्टर अजून आल्या नव्हत्या. मी मान वर केली तेव्हा गाळ्यासमोर वीसेक बाया उभ्या होत्या. त्यांच्यामागं पुरुष, भाजीच्या पिशव्या हातात घेतलेले. कोणी बोलत नव्हतं. बाजारातला कालवा आजूबाजूला चालू होता आणि मधेच एवढी जागा गप्प होती.

"ताई, आमचे अंगठे परत दे," मावशी म्हणाली.

"अगं, तो कर आपल्यावर नाही..." मी सुरुवात केली. शेअर म्हटलं, सौदे म्हटलं, मोठे लोक म्हटलं. माझंच मला नीट सांगता येत नव्हतं. मागून एक माणूस शांतपणे म्हणाला, "हे तवा काऊन नाही सांगतलं?" कोणीतरी काचेच्या काउंटरवर हात टेकला. काच तडकली नाही, फक्त हलली. लॅपटॉप, मशीन, पेटीतली रोकड, आणि कंपनीकडे भरलेली अनामत, सगळं मला एकदम दिसलं.

"माझ्यापाशी नाहीत," मी म्हणाले. "सिस्टरच्या घरी आहेत."

एवढं म्हटल्याबरोबर काउंटरवरचा हात निघाला. माणसं वळली. इतक्या पटकन वळली की मला वाटलं, त्यांना हे आधीच माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं.

विहारामागच्या त्या गल्लीकडं आमच्या भागातले पुरुष सहसा मतदानाच्या आधीच वळत. त्या दिवशी ते घोळक्यानं वळलेले पाहून गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी उठून नातवंडांना घरात घेतलं. दारं लागल्याचे आवाज मी रस्त्यावरून ऐकले. मी शटर ओढून मागोमाग गेले होते आणि विहाराच्या भिंतीपाशी थांबले. तिथून सिस्टरचं दार दिसत होतं, बोलणं ऐकू येत होतं. त्या गल्लीतल्या बायांनीही अंगठे दिले होते. त्याही मग दारं उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या, ना घोळक्यात, ना सिस्टरच्या बाजूला.

सिस्टर निघायच्याच तयारीत होत्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी. दारातला घोळका पाहून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची बाहेर आणून बसल्या.

"काय पाहिजे?"

"कागद."

"देतो. पण पहिले ऐकून घ्या."

"आमाले काही ऐकायचं नाही सिस्टर," मावशीच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "तुम्ही आमचं वाईट नाही करणार, हे आमाले ठावं आहे. पण आमचे पैसे नाही आले."

सिस्टर आत गेल्या, गठ्ठा आणला आणि मांडीवर घेऊन एकेक नाव वाचू लागल्या. ज्याचं नाव त्यानं पुढं यावं, आपल्यासमोर आपली ओळ कापून घ्यावी. दहा-बारा नावं तशी झाली. त्यांच्याजवळ टाके काढायची जुनी कात्री होती, तिनं त्या सरळ रेषेत कापत होत्या. मग मागच्या एका माणसाला ते फार वेळखाऊ वाटलं. तो पुढं झाला, गठ्ठाच उचलला आणि अंगणातल्या चुलीत घालून पेटवला. कोणी अडवलं नाही. कोणीतरी घरातल्या टेबलावरचे आणखी कागद आणून दिले, त्यात त्यांची जाड वहीही गेली.

ती वही मी पाहिलेली होती. तिच्यात त्यांनी केलेल्या बाळंतपणांची नोंद होती. आईचं नाव, वार, वेळ, लेकराचं वजन, आणि एखाद्या ठिकाणी नुसतं ‘रडलं नाही, मग रडलं’. त्या अंगणात उभे असलेले निम्मे पुरुष तिच्यात कुठंतरी होते. वहीचा पुठ्ठा लवकर पेटेना. सिस्टर उठल्या, दोन पावलं पुढं आल्या, आणि मग उभ्याच राहिल्या. त्यांनी मान वर केली तेव्हा मी त्यांना विहाराच्या भिंतीपाशी दिसले.

दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. मी गेले. त्या अंगण झाडत होत्या.

"सिस्टर, मीच सांगितलं त्याइले."

"मले माहीत आहे. तुझ्याशिवाय कोणाले ठावं होतं?" त्यांनी झाडणं थांबवलं नाही. "दुकान शाबूत आहे ना?"

"आहे."

"मग बस. चहा ठेव."

पुढच्या आठवड्यात मी त्या सात-आठ जणींची केवायसी करून दिली. पैसे जमा झाले. मावशी पावती हातात घेऊन बाहेर उभ्या असलेल्या बायांना म्हणाली, "पहा, कागद जाळले आन् पैसे आले." मी काउंटरमागं बसून ते ऐकलं. मी समजवायचा प्रयत्न केला, खरंच केला, पण आता माझ्या समजावण्याला कोण विचारतं. गिऱ्हाइकं परत आली, रांग पूर्वीसारखी लागली. त्या रांगेतच एका सकाळी आईला पेन्शनसाठी घेऊन आलेला एक माणूस म्हणाला, "ताई, सर्व्हर चालू आहे का?" शेजारी बसून समजावतो तसा आवाज. मोबाइलवर ऐकलेला तोच. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, त्यानंही पाहिलं आणि ओळखीचं हसला. मी त्याच्या आईचा अंगठा धरून मशीनवर ठेवला, पैसे दिले. दुसरं काय करू शकले असते, हे अजून मला सुचलेलं नाही.

बुलढाण्याला बसायचा दिवस आला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "येतं का?" मी केंद्र बंद ठेवून गेले. घरी सांगितलं, माहेरी जाते. एसटीनं मेहकर, मग चिखली, मग बुलढाणा. नवा कागद सिस्टरनी पिशवीत आणला होता. त्यावर त्यांनी हातानं मागणी लिहिली होती आणि ह्या वेळी ‘व्यवहार’ हा शब्द त्यात कुठंही नव्हता. बसमध्ये गुडघ्यावर कागद ठेवून आम्ही दोघींनी सही केली.

कचेरीसमोर तीसेक माणसं होती. शेगावच्या सभेला ह्याच्या कितीतरी पट होती, सिस्टर म्हणाल्या. एकमेकांना विचारल्यावर कळलं की मोबाइलवरचा तसाच आवाज आणखी दोन-तीन तालुक्यांत फिरला होता. बोली थोडी वेगळी, सांगणं तेच. लिंबाखाली सतरंजी टाकून आम्ही दुपारभर बसलो. घोषणा द्यायला कोणाच्या अंगात जोर नव्हता. साध्या कपड्यातला एक माणूस समोरच्या फाटकाशी उभा राहून मोबाइलवर सावकाश चित्रीकरण करत होता, एकेका चेहऱ्यावर थांबत. माझ्यावर थांबला तेव्हा मी पदर पुढं ओढला. सिस्टरनी ओढला नाही. आत बाबूनं निवेदनं घेतली, आमच्या कागदाकडे पाहून म्हणाला, "डोणगावच्या दोनच?"

"दोनच," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं पोच दिली. तेवढीच आमची कमाई.

परतताना एसटीनं चिखलीही ओलांडली नव्हती तोच कंपनीच्या सुपरवायझरचा फोन आला. तो नेहमी महिन्याच्या शेवटी करतो. "मॅडम, आज केंद्र बंद होतं?"

"माहेरी आले होते."

"माहेर बुलढाण्याला आहे का तुमचं?"

मी खिडकीची काच ओढून घेतली. तो म्हणाला, "ठीक आहे, भेटू," आणि फोन ठेवला. तीन दिवसांनी तो आला, चहा घेतला आणि एका कागदावर माझी सही घेतली. केंद्रात ग्राहकांकडून कोणत्याही अर्जावर सही किंवा अंगठा घेणार नाही, घेतल्यास केंद्र रद्द. मी पूर्ण वाचून सही केली.

सिस्टर नांदुऱ्याला लेकीकडे गेल्या. गाडी भरताना गल्लीतल्या दोघी-तिघी मदतीला आल्या. मावशीही आली, भाकरी बांधून घेऊन. तिनं त्यांच्या पायाला हात लावला, त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. दवाखान्याची गाडी अजून कधी चालते, कधी बंद असते.

मागच्या महिन्यात एक अनोळखी माणूस दोनदा गाळ्यात येऊन गेला. पैसे काढायचे नव्हते त्याला. स्टुलावर बसून, पावत्यांच्या गुंडाळीकडे बघत, त्यानं विचारलं की त्या नर्सबाई आता कुठं राहतात, तिथंही सभा-बिभा घेतात का. सिस्टरचा फोन आदल्याच दिवशी आला होता. लेकीच्या शाळेतल्या बायांना जमवून त्या पुन्हा पहिल्यापासून सांगून राह्यल्या होत्या, ह्या वेळी कागद न देता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"नांदुऱ्याला ना?"

"मला माहीत नाही," मी पुन्हा म्हणाले. त्यानं खिशातून छोटी डायरी काढली, माझं उत्तर लिहून घेतलं, आणि जाताना माझं पूर्ण नाव विचारलं.